मंदी मोजू नका, उधारी मोजा

गेल्या महिन्यात चिंचवडला एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता 'मंदी हीच संधी'. वक्त्यांनी बोटांवर नावं मोजली. एअरबीएनबी २००८, उबर २००९, व्हॉट्सॲप २००९. साऱ्या जगाची अर्थव्यवस्था गाळात असताना या कंपन्या जन्मल्या, मग आपल्या तरुणांनी नोकरीला का चिकटून बसायचं, असा त्यांचा सवाल. टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत एक निवृत्त बँक अधिकारी उठले. मंदीत उघडलेली किती खाती थकीत झाली ते आपण डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा मुलांनो दोन वर्षं कळ काढा, बाजार सुधारू द्या, असं त्यांनी सांगितलं. त्यांनाही तेवढ्याच टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी एका जुन्या मित्राचा मुलगा बसला होता. आयटीतली नोकरी जाऊन त्याला तीन महिने झालेत. हातात आलेल्या पैशांतून लेझर कटिंगचं मशीन घ्यावं का, एवढाच त्याचा प्रश्न होता. दोन्ही उत्तरं ऐकून तो जसा आला होता तसाच घरी गेला.

हा वाद आपण वर्षानुवर्षं असाच घालतो आहोत. एक बाजू हिमतीची, दुसरी सावधपणाची, आणि दोघांच्याही तोंडी मंदी हा एकच शब्द. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मंदी आहे की तेजी, यावरून छोटा धंदा सुरू करायचा की नाही हे ठरवताच येत नाही. ठरवायचं ते दोन गोष्टींवरून. माल दिल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस जातात, आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा येतो कुठून. या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली असतील तर भर मंदीत सुरुवात करावी. ती वाईट असतील तर तेजीतसुद्धा करू नये. मंदीत छोटा धंदा मरतो तो विक्री घटल्यामुळे कमी आणि पैसे अडकल्यामुळे जास्त, असं माझं ठाम मत आहे.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. भोसरीत माझं दोन लेथचं वर्कशॉप होतं, जॉबवर्कचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांना हवे ते सुटे भाग घडवून द्यायचं. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा त्याचा आपल्याशी काय संबंध, असंच आम्हाला वाटलं होतं. दिवाळीनंतर ऑर्डरी थोड्या घटल्या, पण बंद पडल्या नाहीत. बदललं ते दुसरंच. ज्या कंपनीला मी माल देत होतो तिथून पंचेचाळीस दिवसांनी चेक यायचा. तो साठ दिवसांवर गेला, मग नव्वद, मग एकशे वीस. खरेदी विभागातला माणूस सज्जन होता. "वरून पैसे सुटले की पहिला चेक तुमचा," असं तो प्रत्येक वेळी मनापासून सांगायचा. इकडे लोखंडवाला रोख मागत होता, कामगारांचा पगार सात तारखेला द्यावाच लागत होता आणि विजेचं बिल कुणासाठी थांबत नव्हतं. आधी घरातलं सोनं पतसंस्थेत गेलं, नंतर एक लेथ विकावी लागली. त्या संपूर्ण वर्षात माझ्या वहीत एकही महिना तोट्याचा नव्हता.

वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट, हे कसं होतं ते आकड्यांत मांडतो, कारण वाद घालणारे नेमका हाच हिशोब गाळतात. समजा, महिन्याचं बिल तीन लाखांचं होतं. माल, मजुरी, भाडं, वीज धरून खर्च दोन लाख चाळीस हजार, म्हणजे नफा साठ हजार. पैसे दीड महिन्यात येत असतील तर आपले तीन लाख साठ हजार रुपये कायम बाजारात फिरत असतात. तेच पैसे चार महिन्यांनी येऊ लागले की अडकलेली रक्कम होते नऊ लाख साठ हजार. विक्री एका रुपयाने घटलेली नाही, तरी वरचे सहा लाख कुठून तरी उभे करावे लागतात. शिवाय बिल फाडलं की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. बँक सीसी लिमिट, म्हणजे खात्यातून उचलता येणाऱ्या कर्जाची मर्यादा, वाढवून देत नाही, कारण मंदीत तीही हात आखडते. धंद्यात असं अडकून राहणाऱ्या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात. मशीनसाठी कर्ज काढणाऱ्या दहा तरुणांपैकी किती जण हे सहा लाख आधी बाजूला ठेवतात? मशीनला कोटेशन असतं, हप्त्याचा तक्ता असतो, सरकारी योजनेत त्याच्यासाठी रकाना असतो. गिऱ्हाइकाच्या उशिराचं कोटेशन कोण देणार?

आता मंदीचं स्वागत करणाऱ्यांची बाजू. त्यांच्या म्हणण्यात दम नाही असं मी म्हणणार नाही. मंदीत जुनी मशीनं निम्म्या किमतीला मिळतात. जे गाळामालक सहा महिन्यांचं डिपॉझिट मागत असत ते दोन महिन्यांवर तयार होतात. वीस वर्षं हात घासलेला फिटर, जो एरवी मोठ्या कंपनीतून हलला नसता, तो आपल्याकडे येतो. इतिहासही त्यांच्या बाजूचा आहे, आणि त्यासाठी अमेरिकेत जायची गरज नाही. १९३१ हे जागतिक महामंदीतलं वर्ष. शेतमालाचे भाव कोसळले होते, आणि त्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णमान, म्हणजे पौंडाची सोन्याशी घातलेली गाठ, सोडल्यावर गावोगावचं सोनं मोडीत निघून परदेशी जाऊ लागलं. नेमक्या त्याच वर्षी गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि गोळ्या विकायला सुरुवात केली. घोडा छाप शाई. पुढे ज्या कंपनीला आपण कॅम्लिन म्हणून ओळखलं, तिचा हा जन्म. साखरेची गोष्ट तर आणखी मोठी आहे. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयात शुल्काचं संरक्षण मिळालं, आणि देशात जिथे तीसएक कारखाने होते तिथे पाच-सहा वर्षांत सव्वाशेच्या वर झाले. महामंदी चालूच होती.

पण ही उदाहरणं नीट पाहा. शाईची पुडी हा छोटा माल. त्याला धुराडं लागत नाही, कोट्यवधींची यंत्रं लागत नाहीत. शाळेतल्या मुलाला शाई मंदीतही लागते आणि कारकुनालाही. वर नुकतीच सविनय कायदेभंगाची चळवळ झालेली, परदेशी मालावर बहिष्कार, स्वदेशी शाई मागून घेणारं गिऱ्हाईक. साखरेच्या मागे तर सरकारी भिंतच उभी राहिली होती. म्हणजे मंदीने या धंद्यांना जन्म दिला नाही. मंदी असूनही ते जगले, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाकडे त्या वस्तूसाठी पैसा होता, किंवा बाहेरच्या स्पर्धकाची वाट अडवली गेली होती. 'मंदीत सुरू झाले आणि मोठे झाले' या यादीत नसलेली नावं कोण मोजणार? १९३१ साली गिरगावात किती जणांनी काय काय सुरू केलं आणि १९३३ पर्यंत त्यातलं काय उरलं, याची नोंद कोणाकडे नाही. उरलेल्यांकडे बोट दाखवून बुडालेल्यांच्या मुलांना धीर देणं मला पटत नाही. स्वस्त मशीनचंही तसंच. ते स्वस्त आहे, कारण त्यावर करायला काम नाही. विकणाऱ्याला ज्या कारणाने ते विकावं लागलं, ते कारण आपल्या गाळ्यात आल्यावर नाहीसं होतं का?

यावर हमखास उत्तर येतं की खाण्याचा धंदा करावा, माणूस खाणं सोडत नाही. मंदीत सगळ्यांत जास्त दिला जाणारा आणि मला सगळ्यांत धोक्याचा वाटणारा सल्ला हाच आहे. त्याची परीक्षा याच महाराष्ट्रात होऊन गेलेली आहे, मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीत. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या हजारो खाणावळवाल्या लालबाग-परळच्या चाळींत होत्या. दहा बाय बाराच्या खोलीत दोन वेळचा स्वयंपाक. कामगार पैसे द्यायचा महिन्याच्या पगाराला. तोवर ही बाई वाण्याकडून धान्य उधार आणायची, त्यावर व्याज भरायची, वेळ आली तर मंगळसूत्र गहाण टाकायची. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर महिनाभराची उधारी तिच्या अंगावर, आणि पंचवीस-तीस गिऱ्हाइकांची कमाई एकाच ठिकाणाहून, गिरणीतून. १९७३-७४ मध्ये गिरण्यांचा ४२ दिवसांचा संप झाला. माणसांनी खाणं सोडलं नव्हतं. रोज जेवायला येत होती. पैसे मात्र येत नव्हते, आणि भुकेल्या पोराला ताटावरून उठवणं या बायकांना जमलं नाही. संप कामगारांचा होता, पण तो या बायकांनी आपल्या डोक्यावरच्या कर्जातून चालवला. खाण्याचा धंदा बुडत नाही असं म्हणणाऱ्याने त्या वेळच्या वाण्याच्या वह्या डोळ्यांसमोर आणाव्यात.

प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा त्यांनी या बायकांना धाडसाची व्याख्यानं दिली नाहीत. कशी देणार? धाडस त्यांच्यात कमी नव्हतं. त्यांनी दुखण्याच्या मुळावर हात ठेवला. बायकांचे गट केले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून वाण्याच्या व्याजातून त्यांना सोडवलं. धंदा तोच, चूल तीच, गिऱ्हाईकही तेच. बदललं ते खेळतं भांडवल कुठून येतं एवढंच. पन्नास वर्षं झाली, पण छोट्या धंद्याबद्दल याहून शहाणं काम माझ्या पाहण्यात नाही. तरीही दुसरा प्रश्न, गिऱ्हाइकाचा पैसा येतो कुठून हा, उरलाच होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख गिरणी कामगारांचा संप महिन्या-दीड महिन्याचा नव्हता. तो रीतसर मागेही घेतला गेला नाही. कर्ज स्वस्त असलं तरी ज्या भोंग्यावर गिऱ्हाइकांची पोटं होती तोच थांबला, तर खाणावळीने कुणाला वाढायचं? त्याच काळात अनेक कामगारांनी वडापावच्या गाड्या लावल्या, त्यांतल्या काही टिकल्या. रेल्वे स्टेशनबाहेरच्या गाडीसमोरून बँकेतला जातो, महापालिकेतला जातो, कॉलेजातला पोरगा जातो. प्रत्येकाचा पगार वेगळ्या झऱ्यातून येतो. आणि वडापावाचे पैसे रोख, खाऊन हात पुसायच्या आत. खाणावळ आणि गाडी, दोन्ही खाण्याचेच धंदे, एकाच शहरातले, एकाच पडझडीतले. फरक उधारीचा आणि झऱ्यांचा.

हीच गोष्ट मार्च २०२०च्या टाळेबंदीत पुण्यात पुन्हा दिसली. सदाशिव पेठेतल्या मेस विद्यार्थ्यांवर चालतात. विद्यार्थी गावी गेले, मेस बंद पडल्या. तिथल्याच काही घरांनी सोसायट्यांतल्या वृद्धांना डबे द्यायला सुरुवात केली. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येतच होती.

आता थांबा म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांची भीती मला जास्त खरी वाटते. आपल्याकडे बुडालेल्या माणसाला झेलणारी जाळी फार विरळ आहे. घर तारण असतं, जामीनदार म्हणून मेहुण्याची सही असते, आणि धंदा बसला तर नात्यांतही कटुता येते. बँकेतल्या त्या अधिकाऱ्यांनी जे पाहिलं ते खोटं नाही. मंदीत स्वस्त वाटणारं कर्जही स्वस्त राहत नाही. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा झाला. पहिला हप्ता पाहून कर्ज घेतलेल्याला बदलत्या व्याजाचा चटका तिसऱ्या वर्षी बसला. हे सगळं मान्य. पण थांबणं फुकट आहे का? मंदी संपली हे कळतं ती संपून बराच काळ गेल्यावर. तोवर गाळ्याचं भाडं चढलेलं असतं, तो चांगला फिटर परत मोठ्या कंपनीत गेलेला असतो, आणि घरी बसलेल्याची शिल्लक किराण्यात आणि मुलांच्या फीमध्ये विरघळलेली असते. आणि तेजीत तरी कोण हमी देतो? लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले लोखंडी नांगर दोन वर्षं विकले गेले नाहीत. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्याला मंदी कारण नव्हती. ती दोन वर्षं काढता आली, म्हणून पुढे १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वाईट काळ टळेपर्यंत थांबायचं, असं म्हणण्यात गृहीत धरलेलं असतं की पुढे चांगला काळ उधारी बुडवत नाही. माझा अनुभव असा आहे की उधारी देणारा तेजीतच जास्त बेसावध असतो.

या वादात सरकारचं नाव निघतं ते योजनांपुरतं. मला त्याबद्दल थोडं कडक बोलायचं आहे, कारण 'नोकरी मागणारे होऊ नका, देणारे व्हा' हे वाक्य आता धोरणासारखं वापरलं जातं. २०२० च्या संकटात छोट्या उद्योगांसाठी तीन लाख कोटींची कर्जहमी योजना आली. चांगली योजना होती, तिने अनेकांना तारलं. पण ती कोणासाठी? २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्यांच्या नावावर आधीचं कर्ज होतं त्यांच्यासाठी. फेरीवाल्यांना तेव्हा दहा हजारांचं भांडवल देणारी पीएम स्वनिधी योजनाही सुरू झाली ती २४ मार्च २०२० पर्यंत जे रस्त्यावर विकत होते त्यांच्यासाठीच. म्हणजे मंदीत धंदा सुरू कर असं तरुणाला सांगायचं, आणि मंदीत मदत द्यायची ती आधीपासून धंद्यात असलेल्याला. जो त्याच महिन्यात नोकरी गेल्यामुळे हातगाडी घेऊन उभा राहिला, त्याने कुठे जायचं?

स्वयंरोजगार वाढतोय हा आकडाही अभिमानाने सांगितला जातो. देशाच्या श्रमबल पाहणीत २०१७-१८ साली काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५२ टक्के लोक स्वतःच्या उद्योगात होते, २०२२-२३ मध्ये ५७ टक्क्यांवर गेले. त्याच तक्त्यात जरा खाली पाहा. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचं प्रमाण याच काळात साडेतेरा टक्क्यांवरून अठराच्या वर गेलं. म्हणजे ही वाढ जवळपास सगळी त्यांचीच आहे. त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. नवऱ्याच्या दुकानात, सासऱ्याच्या शेतात, रात्री अकराला भांडी घासून झाल्यावर मसाल्याच्या पुड्या भरणाऱ्या. यांनी धंदा सुरू करायचा 'निर्णय' घेतला होता का? ज्यांना निवड होती आणि ज्यांना नव्हती, त्यांना एकाच रकान्यात घालून उद्यमशीलता वाढली म्हणणं हा त्यांच्या कष्टांवर अन्याय आहे.

सरकारला खरंच काही करायचं असेल तर ते माझ्या लेथच्या गोष्टीत आहे. छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत हा कायदा २००६ पासून आहे. तो असताना माझे पैसे एकशे वीस दिवस अडकले होते. दाद मागता आली असती, पण ज्याच्यावर दावा लावायचा तोच आपला एकमेव मोठा गिऱ्हाईक असेल तर दाद कोण मागतं? एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातच बदल झाला. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ते देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. ही दिशा योग्य आहे, कारण तक्रार करायचं ओझं छोट्यावर राहत नाही. पण काही खरेदीदार उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, नसलेल्याकडूनच माल घेऊ लागल्याच्या तक्रारी लगेच आल्या. ती पळवाट बुजवली आणि पैसे हातात आल्यावर जीएसटी भरायची मुभा लहान उत्पादकांना दिली, तर नव्या शंभर कर्जयोजनांपेक्षा जास्त वर्कशॉप्स उभी राहतील, असं मला वाटतं.

व्याख्यानानंतर चार दिवसांनी मित्राचा मुलगा घरी आला. "काका, एका शब्दात सांगा, घेऊ की नको?" एका शब्दात मला सांगता येईना. मी त्याला मशीनचं कोटेशन बाजूला ठेवायला सांगितलं. जी गिऱ्हाइकं काम देऊ म्हणतात त्यांची नावं एका कागदावर लिही, प्रत्येकासमोर ते किती दिवसांनी पैसे देतात हे त्यांच्या सध्याच्या पुरवठादारांना विचारून लिही, आणि ते स्वतः कोणाला माल विकतात तेही लिही. तो आठवडाभर भोसरी, चाकण, तळवडे फिरला. कागद घेऊन आला तेव्हा त्यावर सहा नावं होती. दोघे नव्वद दिवसांनी पैसे देतात, तिघे साठ दिवसांनी. एक फर्निचरवाला रोख द्यायला तयार आहे, पण त्याचं काम थोडं आहे. रोखवाला आणि आणखी एक सोडून बाकीचे चौघे एकाच वाहन कंपनीला सुटे भाग देतात.

तो कागद त्याने माझ्याच टेबलावर पुन्हा एकदा वाचला. मशीनवाल्याला आगाऊ रक्कम त्याने अजून दिलेली नाही. सध्या तो फर्निचरवाल्यासारखी रोखीची आणखी गिऱ्हाइकं शोधतोय, आणि तोवर कटिंगचं काम ओळखीच्या एका वर्कशॉपमधून भाड्याने करून घेतोय.